घर बदलताना हस्तकलेच्या साहित्याची आबाळ नको

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

घर बदलताना सामानाची बांधाबांध कशी करावी, यावर वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून अधूनमधून लेख येत असतात. फर्निचर कसे सोडवावे, काचेच्या वस्तू कागदात कशा गुंडाळाव्यात, कपडे, पुस्तके आणि विजेची उपकरणे कशी न्यावीत, याची तपशीलवार माहिती त्यांत असते. भरतकाम, विणकाम, शिवण, चित्रकला, कागदकाम, मणीकाम अशा हस्तकलांचे साहित्य मात्र शेवटच्या एखाद्या ओळीत उरकले जाते. प्रत्यक्ष बांधणीतही त्याच्या वाट्याला तेच येते. सगळे आवरून झाल्यावर जे खोके अर्धे रिकामे राहिले असेल, त्यात ते कोंबले जाते. मी अनेक वर्षे हस्तकला शिकवते आणि घर बदलल्यानंतर ज्यांचे काम कायमचे मागे पडले, अशा कितीतरी विद्यार्थिनी मी पाहिल्या आहेत. त्यामुळे या विषयावर जरा सविस्तर लिहिण्याची परवानगी घेते.

दुर्लक्ष का होते, हे समजण्यासारखे आहे. एकेक वस्तू पाहिली तर ती लहान आणि पुन्हा कुठेही मिळेल अशी वाटते. दोऱ्याची लडी, मूठभर मणी, चार कुंचले, अर्ध्या वापरलेल्या रंगाच्या ट्यूब, कापडाचे तुकडे यांचा वेगळा विचार कशाला करायचा, असे घरातल्या इतरांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु काम करणाऱ्या व्यक्तीच्या दृष्टीने या साहित्याचे मोल सुट्या वस्तूंपेक्षा त्यांच्या मांडणीत असते. कोणता दोरा कोणत्या कामासाठी राखून ठेवला आहे, कोणती कात्री केवळ कापडासाठी आहे, कोणत्या डबीतल्या सुया रेशमासाठी आणि कोणत्या जाड कापडासाठी, हे तिला सवयीने ठाऊक असते आणि बहुतेक वेळा ते कुठेही लिहिलेले नसते. ही मांडणी मोडली की एकही वस्तू हरवली नसताना काम ठप्प होते. बाकीचे घर थोड्या दिवसांत लागते. विस्कटलेले हस्तकलेचे साहित्य महिनोन्महिने खोक्यांतच पडून राहते आणि तेवढ्या काळात हाताची सवय सुटते. म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे, की हे साहित्य वापरणाऱ्यानेच बांधावे, इतर सामानाच्या आधी बांधावे, आणि जे काम हातात आहे त्याचे सगळे साहित्य एकाच ठिकाणी राहील अशा रीतीने बांधावे.

मदतीला आलेली माणसे साहजिकच सारख्या दिसणाऱ्या वस्तू एकत्र करतात. सगळे दोरे एका पिशवीत, सगळ्या सुया एका डब्यात, सगळे नक्षीचे कागद एका फाइलीत जातात. न वापरलेल्या, शिलकी साहित्याच्या बाबतीत ही पद्धत चालेल. अर्धवट राहिलेल्या कामाच्या बाबतीत ती घातक आहे, कारण तिने त्या कामाचे चार भाग चार खोक्यांत विखुरले जातात आणि ते चारही खोकी उघडेपर्यंत कामाला हात लावता येत नाही. प्रत्येक अर्ध्या कामाची स्वतंत्र पिशवी करावी आणि त्या कामाला लागणारी लहानात लहान वस्तूही तिच्यातच ठेवावी, मग त्यासाठी दोन जादा सुया किंवा एक जादा लहान कात्री लागली तरी हरकत नाही.

विणकामाचेच उदाहरण घेते. अर्धा विणलेला स्वेटर सुयांवर तसाच खोक्यात गेला, तर वाटेतल्या धक्क्यांनी टाके सुईवरून घसरतात आणि एक टाका सुटला की तो खालच्या ओळींपर्यंत उसवत जातो. सुयांच्या टोकांना रबरी टोपणे लावणे हा एक उपाय आहे. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे बोथट सुईत वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा ओवून तो सुईवरच्या प्रत्येक टाक्यातून फिरवावा, मग सुया काढून घ्याव्यात आणि दोऱ्याची दोन्ही टोके एकमेकांना बांधून टाकावीत. काढलेल्या सुया त्याच पिशवीत ठेवाव्यात, कारण ४ मिलिमीटरच्या सुयांवर सुरू केलेले काम ३.५ मिलिमीटरच्या सुयांवर पुढे नेले तर वीण घट्ट होते आणि तो बदल पाहणाऱ्याच्या लगेच लक्षात येतो. किती ओळी झाल्या, नक्षीची कितवी ओळ चालू आहे आणि सुयांचे माप काय, हे एका कागदावर लिहून तो कागदही सोबत ठेवावा. आज आपल्याला हे तोंडपाठ असते. सामान हलवण्याच्या धांदलीनंतर ते आठवेल असे गृहीत धरू नये.

लोकरीच्या गुंड्यांवरची कागदी पट्टी तर कोणत्याही परिस्थितीत काढू नये. जागा वाचवण्यासाठी किंवा नीटनेटके दिसावे म्हणून पुष्कळजण ती काढून टाकतात. त्या पट्टीवर रंगाच्या क्रमांकाबरोबरच डाय लॉटचा क्रमांक छापलेला असतो, म्हणजे ती लोकर कोणत्या खेपेत रंगवली गेली याची ती खूण असते. एकाच रंगक्रमांकाच्या, पण निरनिराळ्या खेपांतल्या दोन गुंड्या हातात धरल्या तर सारख्याच दिसतात. विणून झाल्यावर मात्र जिथे एक गुंडी संपून दुसरी सुरू झाली, तिथे पाठीवर सरळ आडवी रेघ उमटते आणि ती कशानेही झाकता येत नाही. पट्टी सुटून येत असेल, तर तिच्यातून दोरा ओवून ती गुंडीलाच बांधावी.

भरतकामाच्या बाबतीतही काळजीचे स्वरूप असेच आहे. कापड लाकडी रिंगमधून काढून घ्यावे, कारण दीर्घकाळ ताणून राहिलेल्या कापडावर रिंगचा वळ पडतो आणि धूळ नेमकी त्या वळात बसते. कापडात सुई टोचून ठेवण्याची सवय अनेकींना असते. दमट हवेत अशी सुई गंजते आणि त्या जागी पडलेला तांबूस डाग सहसा निघत नाही. भरलेला भाग वर ठेवून, मध्ये पातळ कागद घालून, कापड पुठ्ठ्याच्या नळीवर सैल गुंडाळावे. दोऱ्यांचे म्हणाल, तर सहापदरी दोऱ्याच्या प्रचलित लडीत साधारण ८ मीटर दोरा असतो आणि छटेचा क्रमांक फक्त तिच्या कागदी पट्टीवर असतो. पट्टी निसटली की शेकडो छटांमधून नेमकी तीच छटा नजरेने ओळखणे जवळजवळ अशक्य होते. उरलेला दोरा पुठ्ठ्याच्या लहान चकतीवर गुंडाळून त्या चकतीवरच क्रमांक लिहिण्याची पद्धत सर्वांत सोयीची आहे, आणि घर बदलण्याआधीचे काही दिवस ते करायला उत्तम.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे पत्र प्रामुख्याने लिहायला बसले, तिच्याकडे येते. चित्रकलेच्या आणि रंगकामाच्या साहित्यात काही वस्तू अशा असतात, की त्या सामानाच्या गाडीत जाताच कामा नयेत, आणि याची जाणीव फार थोड्या घरांत असते. टर्पेंटाइनपासून सुमारे ३५ अंश सेल्सियसलाच ठिणगी लागली तर पेटेल इतकी वाफ तयार होते. रंगाच्या किंवा फिक्सेटिव्हच्या, म्हणजे चित्रावरचा रंग पक्का करणाऱ्या द्रव्याच्या, फवाऱ्याचा डबा दाबाखाली भरलेला असतो आणि तो ५० अंशांपेक्षा अधिक तापू देऊ नये, अशी सूचना त्याच्यावरच छापलेली असते. बाहेर ३५ अंश तापमान असताना उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीच्या आतले तापमान तासाभरात ५० अंशांच्या पुढे जाऊ शकते. हे दोन आकडे शेजारी ठेवले, की अशा वस्तू कपड्यांच्या आणि कागदांच्या खोक्यात घालून बंद गाडीतून नेणे किती धोक्याचे आहे, हे वेगळे सांगायला नको. सामान वाहून नेणारे व्यावसायिक ज्वालाग्राही द्रव्ये घ्यायला सहसा नकार देतात, तो याच कारणाने. ती लपवून खोक्यात सरकवणे म्हणजे गाडी चालवणाऱ्याचा जीव धोक्यात घालणे आहे. घर बदलण्याच्या आधीच ती वापरून संपवावीत, ओळखीच्या चित्रकाराला द्यावीत किंवा घातक कचऱ्यासाठी जी व्यवस्था असेल तिथे नेऊन द्यावीत. मोरीत किंवा गटारात ती कधीही ओतू नयेत.

तैलरंगांत वापरल्या जाणाऱ्या जवसाच्या तेलाबद्दल विशेष सावध राहायला हवे. हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही, तर हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते आणि त्या क्रियेत उष्णता बाहेर पडते. तेलाने माखलेली चिंधी पसरून ठेवली तर ती उष्णता हवेत निघून जाते. चुरगळून पिशवीत कोंबली तर ती आतच साठत जाते आणि कोणतीही ठिणगी न लागता चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. आवराआवरीच्या शेवटच्या दिवशी कुंचले पुसलेल्या चिंध्या हाताला लागेल त्या खोक्यात टाकल्या जातात, म्हणून हा धोका नेमका याच वेळी वाढतो. अशा चिंध्या मोकळ्या हवेत, एकावर एक न ठेवता, पूर्ण कडक होईपर्यंत वाळू द्याव्यात किंवा पाण्याने भरलेल्या, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवाव्यात. नव्या घरी त्या नेऊ तर मुळीच नयेत.

क्षणात चिकटणाऱ्या गोंदाची बाटली कापसात किंवा सुती कापडात गुंडाळण्याची चूकही सर्रास होते. हा गोंद सायनोअॅक्रिलेट या द्रव्याचा असतो, आणि कापूस किंवा लोकर यांच्याशी संपर्क आला तर तो इतक्या वेगाने घट्ट होतो, की त्या उष्णतेने हात भाजू शकतो. त्याच्या बाटल्या प्लास्टिकच्या हवाबंद डब्यात उभ्या ठेवाव्यात. एकत्र मिसळल्यावर कडक होणारे एपॉक्सी रेझिन आणि त्याचे हार्डनर वेगवेगळ्या पिशव्यांत, झाकणे पुसून, उभे न्यावे. अॅक्रिलिक आणि जलरंगांच्या ट्यूबांना आगीचे भय नाही. तोंडावर वाळलेला रंग ओल्या फडक्याने काढून टोपण घट्ट बसते ना एवढे पाहिले आणि चार-पाच ट्यूबांमागे एक झिपची पिशवी वापरली, की गळती झाली तरी ती तिथेच थांबते. रंगाच्या बाटल्यांभोवती आधार म्हणून चांगले कापड मात्र कधीही गुंडाळू नये. दोन्ही एका दगडात साधेल असे वाटते खरे, पण एक झाकण सैल राहिले की रंगही जातो आणि कापडही.

उष्णतेने बिघडणाऱ्या, पण न पेटणाऱ्या वस्तूंकडे तर कोणाचेच लक्ष जात नाही. पॉलिमर क्ले साधारण ११० ते १३० अंशांवर भाजून पक्की करतात. तरीही तापलेल्या गाडीत दीर्घकाळ राहिली तर ती त्याहून बऱ्याच कमी तापमानालाही हळूहळू कडक होऊ लागते आणि मळता येत नाही. शिवाय तिच्यातले मऊपणा आणणारे द्रव्य काही कडक, पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यांना विरघळवते, म्हणून ती मेणकागदात गुंडाळून ठेवणे चांगले. मेणबत्त्यांचे मेण आणि मेणाचे खडूही आपल्या सोबतच्या पिशवीत, सावलीतून न्यावेत. दोन्ही टोकांना निब असलेली मार्कर पेने आडवी ठेवावीत. उभी ठेवली तर शाई खालच्या टोकाकडे उतरते आणि वरचे टोक कोरडे पडते.

कागदाच्या बाबतीत लोक हटकून चुकतात ते वजनात. दर चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाच्या ए-४ कागदाच्या ५०० ताव असलेल्या एका रिमचे वजन अडीच किलो भरते. म्हणजे आठ रिमांएवढा कागद एका मोठ्या खोक्यात भरला, तर ते खोके २० किलोंचे होते आणि उचलताना तळातून फाटते. कार्डपेपर, जलरंगाचा जाड कागद, चिकटवह्या हे सगळे लहान खोक्यांत, दोन ताठ पुठ्ठ्यांच्या मध्ये आडवे ठेवावे आणि वरच्या रिकाम्या जागेत लोकर किंवा कापडाचे तुकडे भरावेत. खोके हलके राहते आणि कागदाच्या कडाही दुमडत नाहीत.

मण्यांबद्दल थोडक्यात सांगते. डबी काठोकाठ भरलेली नसेल तर मोकळ्या जागेत कापूस भरावा, तोंडावर पातळ प्लास्टिकचा कागद ठेवून मग झाकण लावावे आणि झाकणावर चिकटपट्टी फिरवावी. बारीक काचमण्यांच्या क्रमांकात ११ हा ८ पेक्षा लहान असतो आणि दोन्ही एकत्र सांडले तर निवडत बसण्यात दिवस जातो. खाने असलेला पसरट डबा घरात वापरायला उत्तम, प्रवासात मात्र तो उलटला की सगळे खाने एक होतात. तेवढ्यापुरते मणी सुट्या नळ्यांमध्ये किंवा लहान पिशव्यांत काढून घ्यावेत.

धारदार वस्तू बांधताना त्या खोक्यात पुढे कोणाचा हात जाणार आहे, याचा विचार करायला हवा. कटरची पाती, सुटी ब्लेड, टाचण्या आणि सुया पत्र्याच्या किंवा जाड प्लास्टिकच्या डबीत घालून डबीवर ठळक अक्षरांत तसे लिहावे. टाचण्या लावलेले कापड घडी घालून ठेवू नये. कापडाची कात्री आणि कागदाची कात्री शेजारीशेजारी असल्या तरी त्यांच्यावर खुणेची रंगीत फीत बांधावी, कारण कागदात मिसळलेल्या खनिजांमुळे धार लवकर बोथट होते आणि नव्या घरी पहिल्याच दिवशी खोक्यांवरची चिकटपट्टी कापायला कोणीतरी नेमकी कापडाची कात्री उचलतो.

शिलाई मशीन शक्यतो तिच्या मूळ खोक्यातूनच न्यावी. ते नसेल तर आधी सुई काढावी, बॉबिन आणि रीळ उतरवावे, दाबाच्या पायाखाली जाड कापडाची दुहेरी घडी ठेवून पाय खाली करावा, म्हणजे खालचे दाते आणि पाय एकमेकांवर आपटत नाहीत. रिळाची सुटी होणारी खुंटी काढून घ्यावी, कारण ती धक्क्याने सर्वांत आधी मोडते. पायाचे पेडल आणि वायर मशीनच्या अंगावर न ठेवता वेगळ्या पिशवीत घालून त्याच खोक्यात ठेवावे, आणि मशीन उभीच राहील असे खोक्याच्या चारही बाजूंना बाण काढावेत.

लोकर आणि रेशीम बांधण्यापूर्वी एकदा उजेडात उलगडून पाहायला हवे. लोकर खाते ती कसर, म्हणजे पतंगाची अळी. उडणारा पतंग स्वतः काही खात नाही. एका गुंडीत अळ्या असतील आणि ती इतर पन्नास गुंड्यांबरोबर बंद खोक्यात गेली, तर नव्या घरी सगळाच साठा कुरतडलेला निघतो. शंका असलेली लोकर घट्ट बंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवली तर अंडी आणि अळ्या मरतात. दमट लोकर किंवा कापड प्लास्टिकमध्ये बंद करू नये. बुरशी आली की वासही जात नाही. हवा काढून घेणाऱ्या पिशव्या काही दिवसांच्या प्रवासापुरत्या ठीक आहेत, परंतु लोकर त्यांत महिनोन्महिने दाबून राहिली तर तिचा फुलारा कमी होतो.

खोक्यांवर नाव लिहिताना ते वरच्या बाजूला न लिहिता दोन आडव्या बाजूंवर लिहावे, कारण एकावर एक रचल्यावर वरची बाजू दिसतच नाही. ‘हस्तकला’ एवढेच लिहून भागत नाही. ‘निळा स्वेटर, अर्धा, सुयांसह’ किंवा ‘जलरंग आणि कुंचले’ असे लिहिले तर हवे ते एकच खोके उघडता येते. बांधण्याआधी प्रत्येक खणाचे आणि फळीचे छायाचित्र काढून ठेवले, तर नव्या कपाटात तीच मांडणी पुन्हा लावता येते. याशिवाय एक लहान पिशवी खोक्यांत न घालता स्वतःजवळ ठेवावी आणि तिच्यात एखादे सोपे, हातात बसलेले काम असावे, म्हणजे घर लागेपर्यंतच्या दिवसांतही हात चालू राहतो.

एका गोष्टीबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. घरातल्या वृद्ध व्यक्तीचे बिऱ्हाड जेव्हा मुले हलवतात, तेव्हा आजीच्या भरतकामाच्या पेटीतले अर्धे सामान ‘आता काय करणार याचे’ म्हणून परस्पर काढून टाकले जाते. नजर अधू झाली असली, तरी कोणता दोरा कुठे आहे हे तिला स्पर्शाने कळत असते आणि नव्या, अनोळखी घरात तिच्या हाताला ओळखीची वाटणारी तेवढीच एक जागा असू शकते. तिचे साहित्य तिला शेजारी बसवून, तिला विचारून बांधावे. त्यासाठी एक दुपार जास्त गेली तरी ती द्यावी. काय टाकायचे हे तिला ठरवू द्यावे, आणि पेटी होती तशीच, तिच्या उजव्या किंवा डाव्या हाताच्या सोयीने, सर्वांत आधी लावून द्यावी.

आपल्या वृत्तपत्राला माझी विनंती आहे, की घर बदलण्याविषयी यापुढे जेव्हा मार्गदर्शनपर लेख छापाल, तेव्हा त्यात हस्तकलेच्या साहित्याला स्वतंत्र जागा द्यावी आणि निदान टर्पेंटाइन, फवाऱ्याचे डबे व तेलकट चिंध्या यांबद्दलची सूचना चौकटीत, ठळक अक्षरांत द्यावी. सामान वाहून नेणाऱ्या व्यावसायिकांनाही सुचवावेसे वाटते, की त्यांच्या नोंदणीच्या तक्त्यात फर्निचर, उपकरणे आणि काचसामान यांच्यासाठी जसे रकाने असतात, तसा एक रकाना हस्तकलेच्या साहित्यासाठी ठेवावा आणि घरी पाहणीला आल्यावर त्याबद्दल आवर्जून विचारावे. विचारले तर ग्राहक वेळेवर सांगतो. न विचारता भरलेल्या खोक्यात काय आहे, हे गाडी निघाल्यावर कोणालाच ठाऊक नसते.

आपली विश्वासू,
एक हस्तकला शिक्षिका